कव्हरवर नाव तेच, आतला चित्रपट वेगळा : जुने मूक विनोदपट घरी जमवताना

माझ्याकडे मूकपटांच्या काळातला अमेरिकी विनोदी नट बस्टर कीटन याच्या 'द जनरल'च्या (१९२६) तीन प्रती आहेत. पहिली पुण्याच्या जुन्या बाजारात चाळीस रुपयांना मिळालेली डीव्हीडी, तिसरी परदेशातून मागवलेली ब्लू-रे. मधली कुठून आली ते आता आठवतही नाही. या चित्रपटात एक छोटासा प्रसंग आहे. प्रेयसीने झिडकारलेला कीटन रेल्वे इंजिनाच्या चाकांना जोडणाऱ्या दांड्यावर खिन्न होऊन बसतो. इंजिन सुरू होतं, दांडा वरखाली व्हायला लागतो आणि दांड्याबरोबर कीटनही.

चाळीस रुपयांच्या प्रतीत त्याचा चेहरा म्हणजे सोललेलं अंडं आणि त्यावर दोन काळे ठिपके. माणूस वर गेला, खाली आला, एवढंच दिसतं. ब्लू-रेवर मात्र दिसतं की आपण हलतोय हे त्याच्या ध्यानीमनीही नाही. तो आपल्या दुःखात बुडालेला आहे. इंजिन शेडच्या अंधारात शिरायच्या अगदी आधी त्याला कळतं आणि डोळे जरासे मोठे होतात. पुढच्या क्षणी तो आत गडप. सगळी गंमत त्या डोळ्यांत आहे, आणि स्वस्त प्रतीत नेमके डोळेच नाहीत.

जुने चित्रपट जमवायला निघालेल्या प्रत्येकाला मी हा प्रसंग आधी दाखवते. आपण चित्रपट जमवत नाही, चित्रपटाच्या प्रती जमवतो. एकाच नावाच्या दोन डिस्कमध्ये लांबी, वेग, संगीत, फ्रेमचा आकार, पाट्या (मधेमधे पडद्यावर येणारा संवादांचा मजकूर), कधीकधी प्रसंगसुद्धा वेगळे असतात. हे एकदा डोक्यात बसलं की काय घ्यायचं, किती पैसे घालायचे आणि काय सोडून द्यायचं, हे आपोआप सोपं होतं.

असं होतं कसं

मूकपटांच्या काळात बऱ्याचदा दोन कॅमेरे शेजारी शेजारी लावून चित्रण होत असे. एका निगेटिव्हवरून देशातल्या प्रिंट निघत, दुसऱ्यावरून परदेशातल्या. त्यामुळे एकाच प्रसंगाचे दोन कोन, कधी दोन वेगळे टेक, जगभर विखुरले गेले. मूळ नायट्रेट फिल्म पेट घेणारी आणि नीट जपली नाही तर कुजणारी. निगेटिव्ह झिजली की प्रिंटवरून प्रिंट निघायची, तिच्यावरून आणखी एक. झेरॉक्सची झेरॉक्स काढत गेल्यावर अक्षरांचं जे होतं, तेच इथे चेहऱ्यांचं झालं.

दुसरं कारण हक्कांचं. अमेरिकेत त्या काळी ठरावीक मुदतीनंतर हक्कांचं नूतनीकरण करावं लागे. 'द जनरल'चं ते झालं नाही आणि चित्रपट मोकळा झाला. मग ज्याच्या हाती जी प्रिंट लागली, त्याने ती काढून विकली. आज तर १९२० च्या दशकातले सगळेच अमेरिकी चित्रपट तिथे सार्वजनिक मालकीचे आहेत. आपल्याकडे चित्रपटाचा हक्क प्रदर्शनानंतर साठ वर्षांनी संपतो. मोकळेपणाचा फायदा खरा आहे, इंटरनेट आर्काइव्हवर यातलं कितीतरी फुकट बघता येतं. माझा सल्ला असा की आधी तिथेच बघा. आवडला, पुन्हा बघावासा वाटला, तर चांगल्या प्रतीसाठी पैसे साठवा. एक लक्षात ठेवा, चित्रपट मोकळा असला तरी नव्या आवृत्तीसाठी रचलेलं संगीत मोकळं नसतं. ज्यांनी वर्षभर खपून फ्रेम न् फ्रेम साफ केली, त्यांची डिस्क कॉपी करून वाटू नका. हा धंदा मुळात छोटा आहे. पुढची डिस्क निघणं आधीची विकली जाण्यावरच अवलंबून असतं.

पहिली पायरी : एक गल्ली निवडा

'क्लासिक' म्हणून सगळंच घ्यायला लागलात तर दोन वर्षांत कपाट भरेल आणि अर्ध्या डिस्कचं प्लास्टिकही फोडलेलं नसेल. एक माणूस, एक स्टुडिओ किंवा एक छोटा काळ निवडा. मी कीटनच्या १९२० ते १९२३ मधल्या लघुपटांपासून सुरुवात केली. एकोणीस लघुपट, प्रत्येक वीस-पंचवीस मिनिटांचा. रात्री जेवण झाल्यावर एक बघून होतो. तीन महिन्यांत सगळे पाहून झाले आणि तोवर चांगली प्रिंट कशी दिसते याला डोळा सरावला. एवढा सराव झाल्याशिवाय महागडा संच घेऊ नये असं मला मनापासून वाटतं.

प्लेअर आणि टीव्ही

डिस्क मागवण्याआधी प्लेअर बघा. डिस्क जगाच्या कुठल्या भागातल्या प्लेअरवर चालेल हे तिच्या 'रिजन'वरून ठरतं. डीव्हीडीसाठी भारत रिजन ५ मध्ये येतो, ब्लू-रेसाठी रिजन सी मध्ये. मूकपटांच्या उत्तम डिस्क निघतात अमेरिकेत (डीव्हीडी १, ब्लू-रे ए) आणि ब्रिटन-युरोपात (डीव्हीडी २, ब्लू-रे बी). आपल्याकडचे बरेचसे डीव्हीडी प्लेअर रिमोटवरून एक संकेत दिला की सगळे रिजन चालवतात. ब्लू-रे प्लेअरचं तसं नाही. तिथे मुळातच सर्व रिजनसाठी बदललेला प्लेअर घ्यावा लागतो. विकणाऱ्याला 'डीव्हीडीचे सगळे रिजन की ब्लू-रेचेही?' असं स्पष्ट विचारा. नुसतं 'मल्टिरिजन' लिहिलेलं असलं तर बहुधा ते फक्त डीव्हीडीपुरतं असतं. फोर-के अल्ट्रा एचडी डिस्कला रिजन नसतो, पण त्याच डब्यात जोडीला दिलेल्या साध्या ब्लू-रेला असू शकतो. कॉम्प्युटरच्या डीव्हीडी ड्राइव्हचा रिजन फक्त पाच वेळा बदलता येतो, तेव्हा सहज म्हणून बदलत बसू नका.

आता टीव्ही. इथे एक रुपयाही खर्च नाही, आणि तरी सर्वात जास्त नुकसान इथेच होतं. मूकपटाची फ्रेम जवळजवळ चौकोनी, साधारण ४:३. नवा टीव्ही ती १६:९ मध्ये ताणतो किंवा वरखाली कापतो. 'स्टीमबोट बिल ज्युनियर'मध्ये (१९२८) घराची अख्खी भिंत कीटनच्या अंगावर कोसळते आणि तो वरच्या खिडकीच्या मोकळ्या चौकटीतून सुखरूप राहतो. तो प्रसंग कापलेल्या फ्रेममध्ये बघा, भिंतीचा वरचा भागच नाही, मग ती खिडकी नेमकी कुठे येणार हे आधी दिसणार कसं? त्याच काळातला दुसरा विनोदी नट हॅरल्ड लॉइड 'सेफ्टी लास्ट'मध्ये (१९२३) इमारतीच्या घड्याळाला लोंबकळतो. फ्रेमच्या तळाशी रस्त्यावरच्या गाड्या आणि माणसं दिसतात म्हणून आपल्या पोटात गोळा येतो. तळ कापला की नुसता घड्याळाला लटकलेला माणूस उरतो.

म्हणून टीव्हीच्या सेटिंगमध्ये पिक्चर साइझ ४:३ किंवा 'ओरिजिनल' करा आणि दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्या राहू द्या. घरातलं कुणीतरी 'स्क्रीन वाया जातेय' म्हणेल, त्यांना हे दोन प्रसंग दाखवा. हालचाल गुळगुळीत करणारं सेटिंग, म्हणजे मोशन स्मूदिंग, बंद करा. शार्पनेस शून्यावर किंवा शून्याजवळ आणा. टीव्हीत 'फिल्ममेकर मोड' असेल तर तो लावला की यातलं बरंचसं एका फटक्यात होतं.

कव्हर वाचायला शिका

कव्हरवर 'डिजिटली रिमास्टर्ड' लिहिलेलं असलं तरी त्यावरून काहीच कळत नाही. कशावरून रिमास्टर केलं, ते शोधा. चांगले प्रकाशक मागच्या बाजूला किंवा आतल्या पुस्तिकेत मूळ साहित्य सांगतात, म्हणजे कॅमेरा निगेटिव्ह होती, नायट्रेट प्रिंट होती की ३५ मिमीची नंतरची प्रत, आणि कोणत्या संग्रहालयातली. बोलोन्याची सिनेतेका आणि तिची 'लिमाजिने रित्रोवाता' ही प्रयोगशाळा, पॅरिसचं लॉब्स्टर फिल्म्स, अमेरिकेतलं लायब्ररी ऑफ काँग्रेस, ब्रिटनचं बीएफआय (ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूट) ही नावं दिसली की निर्धास्त व्हायला हरकत नाही. कव्हरवर फक्त नटाचा कापून चिकटवलेला फोटो आणि 'अजरामर विनोद' एवढंच असेल तर डिस्क परत ठेवा.

दुसरी गोष्ट, मिनिटं. कव्हरवरची लांबी एखाद्या विश्वासार्ह यादीशी ताडून बघा. 'द जनरल'च्या चांगल्या प्रती ७८ मिनिटांच्या आसपास असतात, 'शेरलॉक ज्युनियर' (१९२४) अवघा ४५ मिनिटांचा. पण मिनिटं कमी म्हणजे कापलेलाच, असंही नाही. चॅप्लिनचा 'द किड' मूळ १९२१ चा, पण सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला त्याने स्वतः तो पुन्हा कापला आणि त्याला संगीत दिलं, तो ५३ मिनिटांचा आहे. 'द गोल्ड रश' मूळ १९२५ चा मूकपट. १९४२ मध्ये चॅप्लिनने पाट्या काढून स्वतःच्या आवाजात निवेदन घातलं, ती आवृत्ती ७२ मिनिटांची. चांगल्या डिस्कवर दोन्ही असतात, क्रिटेरियन या प्रकाशकाच्या डिस्कवर आहेत. आधी १९२५ ची बघा असं मी आग्रहाने सांगेन. काट्यांना टोचलेल्या पावांच्या नाचाला निवेदनाची काही गरज नाही.

कीटनच्या 'द ब्लॅकस्मिथ'ची (१९२२) गोष्ट तर अशी की २०१३ मध्ये अर्जेंटिनातले संशोधक फर्नांदो पेन्या यांच्या हाती त्याची वेगळीच आवृत्ती लागली, नेहमीच्या प्रतीत नसलेले प्रसंग असलेली. नव्वद वर्षं सगळे ज्याला 'द ब्लॅकस्मिथ' म्हणत होते, तो एकच मसुदा होता. त्यानंतरच्या संचांत दुसराही बघायला मिळतो.

डिस्क हातात आली की दोन चाचण्या घरी करा. चालत्या प्रसंगात पॉज दाबा आणि एकेक फ्रेम पुढे सरका. एकाच हाताच्या दोन फिकट प्रतिमा एकमेकींवर दिसल्या तर ती अमेरिकी व्हिडिओवरून आपल्याकडच्या पाल पद्धतीत ढकललेली प्रत आहे. फिल्मवरून थेट केलेल्या प्रतीत हात एकच असतो, फार तर हललेला. दुसरी चाचणी पाट्यांची. मजकूर मधोमध न राहता डावीकडे सरकलेला, डावीकडची अक्षरं कडेला टेकलेली दिसली, तर ती नंतरच्या ध्वनिपट्टी घातलेल्या प्रिंटवरून आलेली असण्याची शक्यता मोठी. आवाजाची पट्टी फिल्मवर डाव्या बाजूलाच बसते, त्यामुळे चित्राचा तेवढा भाग कायमचा गेलेला असतो.

खरेदीआधी ही तपासणी करायची असेल तर 'डीव्हीडी बीव्हर' आणि 'सायलेंट इरा' या दोन साइट उपयोगी आहेत. पहिलीवर निरनिराळ्या आवृत्त्यांच्या फ्रेम शेजारी शेजारी दिलेल्या असतात, दुसरीवर मूकपटांच्या आवृत्त्यांची एकेक करून चिकित्सा.

वेग

मूकपट म्हणजे माणसं तुरुतुरु पळतात, हा समज वाईट प्रतींनी पसरवला. त्या काळी कॅमेरा हाताने फिरवत. सेकंदाला सोळा फ्रेमपासून चोवीसपर्यंत काहीही वेग असे. बोलपट आल्यावर प्रोजेक्टर चोवीसवर पक्के झाले आणि जुन्या रिळांची धांदल उडाली.

हिशोब सोपा आहे. ३५ मिमीच्या एका फुटात सोळा फ्रेम बसतात. हजार फुटांच्या रिळात झाल्या सोळा हजार. चोवीसच्या वेगाने ते रीळ ११ मिनिटं ७ सेकंदांत संपतं, वीसने १३ मिनिटं २० सेकंदांत, सोळाने १६ मिनिटं ४० सेकंदांत. म्हणजे दोन रिळांचा लघुपट एका डिस्कवर २२ मिनिटांचा आणि दुसरीवर २७ मिनिटांचा असला, तर दुसऱ्यात जास्त प्रसंग असतीलच असं नाही. बरेचदा फक्त वेग वेगळा असतो.

मग योग्य वेग कोणता? इथे विनोदपटांत एक मेख आहे. विनोदी नट कॅमेरा मुद्दाम हळू फिरवायला लावत, म्हणजे पडद्यावर ते किंचित चपळ दिसत. पाठलाग आणि धडपडणं त्याच हिशोबाने रचलेलं असे. त्यामुळे 'नैसर्गिक' वेगाला आणलेला कीटन मला जड वाटतो, पाण्यातून चालल्यासारखा. मी आधी नटाकडे बघत नाही. मागून जाणारा बघ्या, इंजिनाचा धूर, उडालेलं पाणी बघते. ते जरासं घाईत असेल आणि नटाचं पडणं-उठणं तालात असेल, तर वेग बरोबर.

संगीत बदललं की चित्रपट बदलतो

एकच मूकपट दोन संगीतांसह लागोपाठ बघा. 'द जनरल'ला कार्ल डेव्हिसचं ऑर्केस्ट्राचं संगीत आहे, रॉबर्ट इस्राएलचं आहे, जपानच्या जो हिसाइशीचंही आहे. एकात युद्ध जाणवतं, एकात पाठलाग, एकात कीटनचं एकटेपण. चांगल्या डिस्कवर दोन-तीन पर्याय असतात. स्वस्त डिस्कवर कुणाचंही पियानोचं संगीत सुरुवातीपासून शेवटपर्यंत लावून दिलेलं असतं, पडद्यावर काय चाललंय याच्याशी त्याचा काही संबंध नसतो. अशी डिस्क पदरी पडली तर आवाज बंद करून बघा, त्यापेक्षा ते बरं. चॅप्लिनचं मात्र वेगळं. 'सिटी लाइट्स' (१९३१) आणि 'मॉडर्न टाइम्स' (१९३६) यांचं संगीत त्याने स्वतः बांधलं आहे, तिथे पर्याय शोधू नका.

पहिल्या वर्षी काय घ्यावं

चॅप्लिनने १९१६-१७ मध्ये म्युच्युअल कंपनीसाठी केलेले बारा लघुपट. 'द इमिग्रंट', 'ईझी स्ट्रीट', 'वन ए.एम.' यांतच आहेत. त्यांचा रिस्टोर केलेला संच फ्लिकर ॲली या प्रकाशकाने काढला. तो मिळाला तर दुसरीकडे बघू नका. कीटनचे लघुपट किनो लॉर्बरकडे आहेत, ब्रिटनमध्ये युरेकाकडे. त्यांत 'वन वीक' (१९२०) आणि 'कॉप्स' (१९२२) पहिल्याच आठवड्यात बघा. लॉइडसाठी 'सेफ्टी लास्ट', मग 'द किड ब्रदर' (१९२७). दुसरा थोडा दुर्लक्षित राहिला, पण माझ्या मते लॉइडचं सगळ्यात सुंदर काम तेच.

लॉरेल-हार्डी आपल्याकडे दूरदर्शनमुळे घराघरांत पोचले, पण त्यांचे मूकपट फार कमी लोकांनी पाहिले आहेत. 'द बॅटल ऑफ द सेंच्युरी' (१९२७) यातली पायांची मारामारी म्हणजे शेकडो पाय एकमेकांच्या तोंडावर फेकण्याचा प्रसंग. पाय म्हणजे तिकडचा खायचा पदार्थ, हे घरच्या लहानांना आधीच सांगून ठेवा. याचं दुसरं रीळ कित्येक दशकं फक्त तुकड्यांत होतं. २०१५ मध्ये ते जवळजवळ पूर्ण सापडलं, तेही एका खासगी संग्राहकाच्या साठ्यातून. व्हिडिओ येण्याच्या कितीतरी आधी, १९२० च्या दशकातच घरी दाखवायला १६ मिमी आणि ९.५ मिमीच्या प्रिंट मिळत. पुढे अमेरिकेत आयोवातलं ब्लॅकहॉक फिल्म्स तर टपालाने ८ मिमीची रिळं विकत असे. मूळ निगेटिव्ह नष्ट झाल्यावर अनेक चित्रपट या घरगुती रिळांमुळेच उरले.

थोडं मुरल्यावर बेन मॉडेल या वादकाच्या अंडरक्रँक प्रॉडक्शन्सकडे वळा. विस्मृतीत गेलेल्या विनोदी नटांचे चित्रपट तो काढतो. त्याच्या काही डिस्क मागणीनुसार बर्न केलेल्या असतात. त्यांचं आयुष्य दाबून छापलेल्या डिस्कइतकं खात्रीचं नसतं, म्हणून त्या वर्षातून एकदा चालवून बघाव्यात.

परदेशातून मागवताना पोस्टेज आणि आयात शुल्क धरून हिशोब करा. दोनदा एकेक मागवण्यापेक्षा वर्षातून एकदा पाच-सहा एकत्र मागवलेलं बरं. आमच्याकडे भाचा अमेरिकेतून दिवाळीला येतो. सप्टेंबरात यादी त्याच्याकडे जाते आणि चितळ्यांच्या बाकरवडीच्या बदल्यात डिस्क येतात.

आपल्या मातीतलं

भारतात तेराशेच्या आसपास मूकपट झाले आणि हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले. दादासाहेब फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'चं पहिलं आणि शेवटचं रीळ शिल्लक आहे. ते आहे कारण पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे पी. के. नायर फाळके कुटुंबापर्यंत पोचले. 'कालिया मर्दन' (१९१९) बराचसा उरला आहे. त्यात कृष्ण झालेली फाळक्यांची मुलगी मंदाकिनी कॅमेऱ्याकडे बघून भाव बदलत जाते, ते बघताना मला विनोदी नटांचीच आठवण होते. मूक विनोदपट म्हणाल तर बंगालचा 'जमाई बाबू' (१९३१) उरला आहे. उत्तम डिस्कच्या रूपात भारतीय मूकपट हवे असतील तर बीएफआयने काढलेले हिमांशू राय आणि फ्रान्झ ऑस्टेन यांचे 'शिराझ' (१९२८) आणि 'अ थ्रो ऑफ डाइस' (१९२९) घ्या. 'शिराझ'ला अनुष्का शंकर यांचं संगीत आहे, दुसऱ्याला नितीन साहनी यांचं.

मराठी बोलपटांचं चित्र वेगळं. इथे व्हीसीडीला नाकं मुरडून चालत नाही. २००७ च्या सुमारास मोझर बेअर या कंपनीने तीस-पस्तीस रुपयांत डिस्क आणल्या आणि दोन-चार वर्षं किराणा दुकानातही सिनेमे टांगलेले दिसत. नंतर हा बाजारच बसला. मुंबईत काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस हे कॅसेट-डिस्कचं दुकानसुद्धा २०१६ मध्ये मिटलं. त्या काळात व्हीसीडीवर आलेले कित्येक मराठी चित्रपट पुढे कुठल्याच चांगल्या रूपात आले नाहीत. व्हीसीडीचं चित्र ३५२ बाय २८८ बिंदूंचं, म्हणजे डीव्हीडीच्या जेमतेम पाव. तरी दुसरी प्रत नसेल तर तीच मूळ प्रत समजून जपायची. चित्रपट दोन डिस्कमध्ये बसवण्यासाठी कधीकधी गाणी कापलेली असतात. डिस्क दोनची सुरुवात गाण्याच्या मधूनच होत असेल तर दुसऱ्या कंपनीची प्रत शोधत राहा.

जुन्या बाजारात

जुना बाजार, चोरबाजार, रद्दीवाले, बंद पडलेल्या व्हिडिओ लायब्ररीचा माल विकणारे, सगळीकडे एकच सवय ठेवा. डिस्क उघडा आणि उजेडासमोर धरा. व्हीसीडीत माहितीचा थर छापील बाजूच्या अगदी खाली असतो. वरचं चित्र सोलटलं की सिनेमा गेला, उजेडात टाचणीने टोचल्यासारखी भोकं दिसतात. डीव्हीडीत थर मधोमध, दोन चकत्यांच्या आत, म्हणून कडेला चकत्या सुटत तर नाहीत ना ते नखाने बघा. ब्लू-रेत थर वाचायच्या बाजूला अगदी वरच असतो. त्यावर कडक लेप असतो, पण त्यातूनही खोल गेलेल्या ओरखड्याला इलाज नाही. डीव्हीडीवरचे बारीक ओरखडे मी मनावर घेत नाही. केंद्राभोवती गोल फिरणारा ओरखडा मात्र वाईट, केंद्राकडून कडेकडे जाणारा त्यामानाने निभावतो.

व्हीएचएस कॅसेट मिळाली तर तिच्या खिडकीतून टेपच्या गुंडाळीकडे बघा. पांढरी भुकटी किंवा जाळी दिसली तर ती बुरशी. अशी कॅसेट व्हीसीआरमध्ये कदापि घालू नका, एकीची बुरशी हेडवरून पुढच्या सगळ्यांना लागते. व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी २०१६ मध्ये थांबली, तेव्हा चालू यंत्र मिळालं तर जपून वापरा. घरच्या लग्नाच्या कॅसेटआड एखादा दूरदर्शनवरून टेप केलेला जुना मराठी सिनेमा असतो. तो सगळ्यात आधी कॉम्प्युटरवर उतरवा.

आल्या आल्या तपासा

हे मी पैसे घालवून शिकले. एका विक्रेत्याकडून सहा डिस्कचा संच घेतला, कौतुकाने कपाटात ठेवला आणि आठ महिन्यांनी उघडला. तिसरी डिस्क चाळिसाव्या मिनिटाला गोठली. परत घ्यायची मुदत केव्हाच संपली होती.

आता पार्सल आलं की त्याच आठवड्यात प्रत्येक डिस्क कॉम्प्युटरमध्ये घालून सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचून घेते. चित्रपट बघायचा नाही, फक्त सगळा डेटा वाचला जातो का ते बघायचं. ड्राइव्ह एका जागी अडून घरघरायला लागला की समजावं. कॉम्प्युटर नसेल तर प्लेअरवर प्रत्येक चॅप्टरची दोन मिनिटं आणि शेवटचा चॅप्टर पूर्ण बघा. बिघाड बहुतेकदा बाहेरच्या कडेला, म्हणजे शेवटाकडे असतो. हट्टी डीव्हीडीसाठी 'डीडीरेस्क्यू' हा मोफत प्रोग्रॅम चांगला आहे. न वाचलेले तुकडे तो पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करतो. एकदा मी जुन्या ड्राइव्हवर अडलेली डिस्क दुसऱ्या ड्राइव्हवर पुढे वाचवली, रात्रभर लागली, पण एक गाणं परत मिळालं.

पावसाळा

डिस्क उभ्या ठेवा, आडव्या थप्पीत नको. बाहेरच्या भिंतीला टेकलेलं कपाट जुलैत ओल धरतं, म्हणून आतल्या भिंतीचं निवडा आणि मागे चार बोटं जागा सोडा. प्रत्येक खणात सिलिका जेलची पुडी. निळे दाणे गुलाबी झाले की कढईत मंद आचेवर तापवून पुन्हा वापरता येतात, ती कढई मात्र स्वयंपाकाला वापरू नका. डांबरगोळ्या नकोत, त्यांची वाफ प्लास्टिकच्या डब्यांना मानवत नाही. कसर आतल्या पुस्तिका खाते, म्हणून दर दोन महिन्यांनी डबे काढून झटका. कोकणात घर असेल तर डिस्क तिथे ठेवूच नका, सुट्टीत जाताना हव्या तेवढ्या घेऊन जा.

पुसायचं ते चष्म्याच्या मऊ कापडाने, केंद्राकडून कडेकडे सरळ. गोल गोल कधीच नाही. मऊ प्लास्टिकच्या पाकिटांच्या वह्यांत डिस्क वर्षानुवर्षं ठेवल्या की चिकटतात, मूळ डबाच उत्तम.

वही

माझी नोंदवही साधी दोनशे पानी आहे. एका डिस्कला एक ओळ, रकाने असे : चित्रपट, साल, प्रकाशक, मूळ प्रिंट कोणती, मिनिटं, संगीत कुणाचं, पाट्यांची भाषा, रिजन, कधी तपासली. एक्सेलमध्येही करता येईल, पण दुकानात उभं राहून वही चटकन उघडता येते आणि तीच प्रत पुन्हा घेण्याची चूक टळते. 'द जनरल' माझ्या वहीत तीन ओळींत आहे. चाळीस रुपयांच्या ओळीसमोर 'फक्त तुलनेसाठी' असं लिहिलं आहे.

त्यांच्यापुढे शेवटी आणखी एक रकाना 'कोणाला दिली' असा होता. त्यात सात नावं आहेत, परत आलेल्या डिस्क चार. आता तो खोडून तिथे 'कोणाबरोबर पाहिली' असं केलंय. कुणी मागितली की रविवारी संध्याकाळी घरीच बोलावते. मुलं असतील तर 'वन वीक' लावते, पाट्या आल्या की मोठ्यांपैकी कुणीतरी त्या मोठ्याने मराठीत सांगतं. परवा शेजारच्या नऊ वर्षांच्या मुलीने शेवटचा प्रसंग, रेल्वे रुळावर अडकलेल्या घराचा, पाच वेळा मागे घेऊन बघितला. वहीत तिचं नाव लिहिलंय, आणि पुढच्या रविवारसाठी 'कॉप्स'.